बी.एस्सी. गणित करता करता संशोधनाची वाट कशी धरायची: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

उन्हाळ्यातल्या संशोधन शिबिराची तयारी ऑगस्टमध्ये, आपल्याच कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सुरू होते. जाहिरात आली की फॉर्म भरू, असं म्हणत बसलेली मुलं दरवर्षी फेब्रुवारीत शिफारसपत्रासाठी धावपळ करताना दिसतात. तोवर पत्र लिहिणाऱ्याजवळ मार्कांशिवाय लिहायला काही नसतं. म्हणून या लेखात फॉर्मपेक्षा फॉर्मच्या आधीच्या सहा महिन्यांवर जास्त लिहितो आहे.

पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो. "सर, केमिस्ट्रीवाले लॅबमध्ये काही ना काही करून राहिले, मॅथ्सवाल्यांनी रिसर्च म्हणजे काय करायचं जी? सगळं तर झालेलंच आहे ना?" प्रश्न रास्त आहे. तीन वर्षं आपण पाठ्यपुस्तकातली तीच प्रमेयं पाच मार्कांसाठी लिहितो. ती कोणी शोधली, कुठे अडकून शोधली, हे कोणी सांगत नाही.

आधी अपेक्षा नीट करून घ्या

पदवीच्या पातळीवर गणितातलं 'संशोधन' बहुतेक वेळा वाचन-प्रकल्प असतं. एखादा विषय अभ्यासक्रमाच्या बाहेर जाऊन वाचायचा, प्रत्येक सिद्धता स्वतःच्या हाताने लिहायची, उदाहरणं करून बघायची, शेवटी दहा-पंधरा पानांचा अहवाल लिहून फळ्यावर बोलायचं. नवीन प्रमेय निघालं नाही तरी काही बिघडत नाही. 'दोन महिन्यांत पेपर छापून देतो' असं कोणी म्हणत असेल, तर तिथून सरळ निघा.

तरी नवं काही करायला पदवी हातात असावी लागते असंही नाही. दत्तात्रेय कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकत असतानाच, १९२७ साली, गणितातल्या स्वतंत्र कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांची बी.एस्सी. पूर्ण झाली १९२९ मध्ये. पुढे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधी घेतलंच नाही, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पहिली पायरी: एक लहान प्रश्न घरीच कुरतडून बघा

कोणालाही मेल करण्याआधी हे करा. कापरेकरांचाच प्रश्न घेऊ, पण चार अंकांऐवजी तीन अंकांचा. सगळे अंक सारखे नसलेली एक संख्या घ्या, समजा २१८. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा: ८२१ − १२८ = ६९३. पुन्हा तेच: ९६३ − ३६९ = ५९४. पुन्हा: ९५४ − ४५९ = ४९५. आणि ४९५ वर केलं की परत ४९५. दुसरी कुठलीही संख्या घ्या, येऊन थांबाल तिथेच. मध्ये ९९ आला तर तो ०९९ असा लिहायचा, शून्य टाकून द्यायचं नाही.

इथवर गंमत झाली. आता 'का' विचारा. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, सर्वांत लहान क. वजाबाकी केली की (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ), म्हणजे ९९(अ − क). मधला अंक उडाला! म्हणजे पहिल्या फेरीनंतर ९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत फक्त नऊच संख्या उरतात. नऊ संख्या हाताने तपासल्या की सिद्धता पूर्ण, कॉम्प्युटर लागला नाही.

पुढचा प्रश्न असा: यात दहाचं काय महत्त्व? आपण दशमान पद्धत वापरतो म्हणून ४९५ आलं. आठ पाया घेतला, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून मोजलं, तर ३७४ वर येऊन थांबतं. सात पाया घेतला तर थांबतच नाही. २६४ वरून ३६३, ३६३ वरून परत २६४, असं दोघांत फिरत राहतं. सहा, नऊ, बारा करून बघा. पाया सम असेल तर एक थांबा आणि विषम असेल तर दोघांचा फेरा, हा नियम दिसायला लागेल. पायाला एक अक्षर मानून लिहिलं तर सिद्धता एका पानात बसते. ती इथे देत नाही, तुम्ही लिहा. अंकांच्या फरकाला एक नाव द्या आणि एका फेरीत तो फरक कसा बदलतो तेवढंच बघा.

हे सगळं आधीच माहीत असलेलं आहे, त्यावर शोधनिबंधही आहेत. पण उदाहरण, त्यातून नियमाची शंका, मग सिद्धता, मग अट बदलून पुढचा प्रश्न, ही चाल खऱ्या संशोधनात हीच असते. दोन अंकांत काय होतं? (०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९.) पाच अंकांत दशमानात एकही थांबा नाही, मग काय आहे? चार अंकांत कोणत्या पायांना थांबा मिळतो? हा शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच चिवट आहे. एका रविवारची वही अशी भरली, तर तुम्हाला हे काम आवडतं की नाही याचं उत्तर कुठल्याही शिबिराशिवाय मिळेल. नाही आवडलं तरी चालेल. ते दुसऱ्या वर्षात कळलेलं बरं.

असे प्रश्न तपासायला नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेला पूर्णांकांच्या मालिकांचा कोश, ओईआयएस, इंटरनेटवर फुकट आहे. आपल्याला मिळालेले पहिले सात-आठ आकडे त्यात टाका, मालिका ओळखीची असेल तर इतिहासासकट समोर येते. आपलं काम आधी कोणी केलंय का, हे बघायची सवय इथूनच लावून घ्या.

दुसरी पायरी: आठवड्याचा एक तास मिळवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. आपल्या विभागातल्या एखाद्या सर-मॅडमांकडे जा आणि म्हणा, "या सत्रात अभ्यासक्रमाबाहेरचं एक प्रकरण वाचायचं आहे, आठवड्यातून एक तास मी फळ्यावर सांगीन, तुम्ही चुका काढा." 'मला प्रोजेक्ट द्या' म्हणू नका. प्रोजेक्ट म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यासमोर स्पायरल बाइंडिंग केलेला, कुठून तरी उतरवलेला गठ्ठा येतो.

विषय कोणता? तुमचं लिनिअर अल्जिब्रा आणि अ‍ॅनालिसिसचं पहिलं सत्र झालं असेल तर बरेच दरवाजे उघडे असतात: ग्राफ थिअरी, कंटिन्यूड फ्रॅक्शन्स, क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी, जनरेटिंग फंक्शन्स, मार्कोव्ह साखळ्या. ज्याला तयारी कमी लागते आणि प्रश्न लवकर भिडतात असा विषय घ्या. अल्जिब्रेइक जॉमेट्री ऐकायला भारी वाटते, पण दुसऱ्या वर्षात तिच्या नादी लागलेली मुलं नुसत्या व्याख्या पाठ करताना पाहिली आहेत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. नागपूर-अमरावती पट्ट्यातल्या अनेक गणित प्राध्यापकांचं काम सापेक्षतावादातली विश्वप्रारूपं किंवा थर्मोइलॅस्टिसिटी (तापमानामुळे पदार्थात निर्माण होणारे ताण) यावर असतं. मुलं म्हणतात, "सरांचा विषय वेगळाच आहे जी, आपल्या कामाचा नाही." असं करू नका. थर्मोइलॅस्टिसिटीवाल्या सरांकडे सळईतल्या उष्णतेचं समीकरण घेऊन जा, फूरिए मालिकेने सोडवायला शिका, टोकांच्या अटी बदलल्या की उत्तर कसं बदलतं ते पायथॉनमध्ये आलेख काढून बघा. मार्गदर्शकाचा हात ज्यात बसलेला आहे, त्या विषयात पहिला प्रकल्प करण्यात शहाणपण असतं.

कॉलेजमध्ये वेळ देणारं कोणी मिळालंच नाही तर नागपुरात दुसरी दारं आहेत. अमरावती रोडच्या कॅम्पसवर विद्यापीठाचा पदव्युत्तर गणित विभाग आहे, व्हीएनआयटीमध्ये गणित विभाग आहे, सिव्हिल लाइन्सकडे शासकीय विज्ञान संस्था आहे. आधी मेल, मग भेट. विभागात बाहेरच्या कोणाचं व्याख्यान असेल तर जाऊन मागच्या बाकावर बसा. पहिल्या दहा मिनिटांनंतर काही कळलं नाही तरी उठून येऊ नका. चहाच्या वेळी पीएच.डी. करणाऱ्यांशी बोलणं होतं, आणि कुठला फॉर्म कधी निघतो, कुठला मार्गदर्शक मुलांना खरंच वेळ देतो, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

संख्याशास्त्राकडे किंवा उपयोजित गणिताकडे ओढा असेल तर नागपूर इतर शहरांपेक्षा नशीबवान आहे. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे आहे, वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे. तिथे शुद्ध गणित नाही, पण आकडेवारी आणि प्रारूपं यांचं काम असतं. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घेऊन जा, आणि कोणत्या शास्त्रज्ञांकडे काम करायचं ते त्यांचे निबंध चाळून आधीच ठरवा.

तिसरी पायरी: लिहायला शिका

लेटेक शिका, म्हणजे गणितातली सूत्रं आणि लेख नीटनेटके टाइप करायची संगणकप्रणाली. ओव्हरलीफवर खातं काढलं की ब्राउझरमध्येच चालतं, लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, दुसऱ्यात हात बसतो. तुमचं तीन अंकांचं पान लेटेकमध्ये उतरवा. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, उदाहरण, असं क्रमाने. मग ते पान वर्गातल्या अशा मित्राला द्या ज्याला विषय माहीत नाही. तो जिथे अडेल तिथे तुमचं लिहिणं कच्चं आहे.

चौथी पायरी: कुठे अर्ज करायचा

माझ्या मते नागपूरच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने सुरुवात एमटीटीएसपासून करावी. गणित प्रशिक्षण आणि प्रतिभाशोधाचा हा उन्हाळी कार्यक्रम गणिताचे प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केला, राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या, म्हणजे एनबीएचएमच्या पाठबळावर. चार आठवडे, वेगवेगळ्या पातळ्या, बी.एस्सी.पासून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत. राहण्या-जेवणाची सोय कार्यक्रमच करतो. तिथे शिक्षक शिकवत नाहीत, विचारतात. "सातत्य म्हणजे काय?" असा प्रश्न येतो आणि व्याख्या घडाघडा म्हटली की पुढचा येतो, "म्हणजे काय?" पहिल्या चार दिवसांत भलेभले टॉपर गप्प होतात. काटेकोर अर्थाने हे संशोधन नाही, पण संशोधनाला लागणारा कणा तिथे तयार होतो, आणि देशभरातल्या गणितवेड्या मुलांशी ओळख होते. अर्ज हिवाळ्यात निघतात.

दुसरा मोठा मार्ग तीन विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त उन्हाळी फेलोशिपचा: बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी. इथे दोन महिने एका मार्गदर्शकाकडे काम करायचं असतं, विद्यावेतन मिळतं. अर्ज ऑनलाइन, साधारण दिवाळीच्या आसपास. म्हणजे हिवाळी परीक्षेच्या ऐन धामधुमीत. अर्जात तुम्हाला काय करायचं आहे ते थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकाची शिफारस लागते. ऑगस्टपासूनचा तो आठवड्याचा तास इथे कामी येतो.

याशिवाय मुंबईची टीआयएफआर, चेन्नईची आयएमएससी आणि सीएमआय, प्रयागराजची एचआरआय, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आणि पुण्याची आयसर या संशोधन संस्थांची संकेतस्थळं नोव्हेंबरपासून महिन्यातून एकदा बघत राहा. काही कार्यक्रम एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठीच असतात, म्हणून पात्रतेची ओळ आधी वाचा, बाकी जाहिरात नंतर. पुण्यातच श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिकडेही लक्ष ठेवा.

माधव गणित स्पर्धा वेगळ्या जातीची. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ती घेतात, एनबीएचएमच्या निधीतून. पेपर जानेवारीच्या सुमारास असतो आणि निवडक मुलांसाठी पुढे शिबिर होतं. आपल्या कॉलेजात कोणी नाव नोंदवत नसेल तर एचओडींना तुम्ही सांगा.

अमेरिकेतल्या आरईयू नावाच्या उन्हाळी कार्यक्रमांबद्दल मुलं फार विचारतात. त्यातल्या बहुतेकांचा पैसा तिथल्या सरकारी निधीतून येतो आणि तो अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवाशांसाठी असतो. त्यात वेळ घालवू नका. त्यांचे जुने अहवाल मात्र उघडे असतात. चांगले प्रश्न कसे निवडतात हे बघायला ते जरूर वाचा.

चार वर्षांच्या नव्या पदवीत असाल तर आणखी एक दार आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं, आणि त्यात प्रबंध करावा लागतो. मार्गदर्शक कोण असेल हे तिसऱ्या वर्षीच बोलून ठेवा.

पाचवी पायरी: मेल आणि शिफारसपत्र

प्राध्यापकांना रोज येणारी मेल साधारण अशी असते: "आदरणीय सर, मला गणिताची लहानपणापासून अत्यंत आवड आहे. तुमच्या महान संशोधनाने मी प्रभावित झालो आहे. कृपया इंटर्नशिप द्यावी." हीच मेल पन्नास जणांना गेलेली असते, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं.

त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. या सत्रात आमच्या मॅडमांकडे ग्राफ थिअरी वाचतो आहे. मॅचिंगपर्यंत झालं आहे, हॉलचं प्रमेय सिद्धतेसकट मांडता येतं. तुमच्या पानावरच्या टिपणांचं पहिलं प्रकरण वाचलं. तिसरा प्रश्न सुटला, पाचवा अर्धाच सुटला. केलेलं सोबत जोडलं आहे. मे-जूनमध्ये सहा आठवडे पुढचं वाचायला येऊ शकतो का?" मेल इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत लिहून बघा, पोकळ वाक्यं लगेच उघडी पडतात. अर्धा सुटलेला प्रश्न जोडायला लाजू नका. पूर्ण सुटलेला कुठूनही उतरवता येतो, अर्धा सुटलेला तुमचाच असतो.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. नंतर पुढे चला.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान तीन आठवडे द्या. सोबत एका कागदावर लिहून द्या: कोणता कार्यक्रम, शेवटची तारीख, पत्र कुठे अपलोड करायचं, आणि तुम्ही त्यांच्याकडे काय काय वाचलं. ते आखडूपणाचं वाटत असेल, पण वर्षभरात शेकड्याने मुलं समोरून जाणाऱ्या माणसाला तपशील आठवत नाहीत. पदापेक्षा ओळख बघा. 'विद्यार्थी शांत व मेहनती आहे' या प्राचार्यांच्या ओळीपेक्षा 'हिने हॉलच्या प्रमेयाची सिद्धता स्वतः दुसऱ्या मार्गाने मांडली' ही नव्या लेक्चररची ओळ कितीतरी जड असते.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

फी भरा, घरबसल्या 'रिसर्च इंटर्नशिप' करा आणि प्रमाणपत्र घ्या, अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतात. आठ दिवसांत पेपर छापून देणारी नियतकालिकंही तशीच. गणितात निबंधाची तपासणी कित्येक महिने चालते, आठ दिवसांत कोणी तो वाचलेलाही नसतो. ज्या निवड समितीसमोर तुम्ही पुढे बसणार, तिला ही नावं पाठ असतात, आणि असा पेपर बायोडेटात असण्यापेक्षा नसलेला बरा. खरंच लिहिण्यासारखं काही झालं तर भारतीय विज्ञान अकादमीचं रेझोनन्स हे मासिक आधी वाचून बघा. समजावून सांगणारं गणिती लेखन कसं असतं ते त्यात दिसेल.

निवड झाली तर

उन्हाळी परीक्षा आणि शिबिराच्या तारखा एकमेकांवर येऊ शकतात. निवडीची मेल आली की त्याच दिवशी आयोजकांना तुमच्या परीक्षेची स्थिती कळवा. बऱ्याच ठिकाणी दोन-चार दिवस उशिरा येण्याची मुभा मिळते, पण आयत्या वेळी सांगितलं तर नाही. कॉलेजकडून बोनाफाइड आणि एनओसी आधीच काढून ठेवा, कारण सुट्या लागल्या की ऑफिसात सही करणारं कोणी सापडत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. चेन्नईसाठी जीटी आणि तमिळनाडू एक्स्प्रेस, बंगळुरूसाठी संघमित्रा, मुंबईसाठी विदर्भ, सेवाग्राम किंवा दुरांतो. मे महिन्यात या सगळ्या भरलेल्या असतात, तेव्हा आरक्षण उघडेल त्याच सकाळी तिकीट काढा.

तिथे गेल्यावर रोजची एक वही ठेवा आणि मार्गदर्शकाला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नका. 'समजलं नाही' ऐवजी 'या ओळीवरून पुढच्या ओळीवर कसे गेलो ते समजलं नाही' असं सांगता आलं पाहिजे. परत आल्यावर अहवालाची एक प्रत ज्यांनी शिफारस दिली त्यांना द्या आणि विभागात एक तासाचं व्याख्यान लावून घ्या. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही बोलवा.

निवड नाही झाली तर

तोच प्रकल्प घरी करा. एप्रिलमध्येच ग्रंथालयातून पुस्तकं काढून ठेवा, सुट्यांत ग्रंथालयाची वेळ कमी होते आणि मेमध्ये दुपारी बाहेर पडवतही नाही. सकाळी सहा ते नऊ वाचायचं, दुपारी कूलरपुढे बसून उदाहरणं करायची, आठवड्यातून एकदा सर-मॅडमांना ऑनलाइन भेटायचं. सोबतीला एक मित्र किंवा मैत्रीण घ्या, म्हणजे एकमेकांना शिकवता येईल. जूनच्या शेवटी दहा पानांचा अहवाल तयार झाला पाहिजे. पुढच्या दिवाळीतल्या अर्जाला तोच जोडायचा.